भयाचें दार

पिंपरी, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यांतील घरांना रात्रपाळी नवी नाहीं. कारखान्यांचा अखंड आवाज कानांवर पडत असतांही तेथील माणसें स्वस्थ झोंपतात. पण मध्यरात्रीं स्वयंपाकघरांत एखादी वाटी खणकन् पडली, कीं तींच माणसें दचकून उठून बसतात. ज्याचें कारण ठाऊक नाहीं असा लहानसा आवाजही माणसाला भिववितो. भयप्रधान व्हिडिओ गेम रचणारे या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करतात.

भयकथेची गोडी मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथांनीं कित्येकांना रात्रीं दिवा मालवूं दिला नसेल. तथापि कथेंत अंधाऱ्या खोलीचें दार कथेंतलें पात्र उघडतें. वाचक त्याच्या मागें सुरक्षित उभा असतो. खेळांत तें दार खेळणाऱ्याला स्वतःच्याच बोटानें उघडावें लागतें. त्यावांचून खेळ पुढें सरकत नाहीं. संकटाकडे जाणारें पाऊल स्वतःचें असतें, हें या भयाचें मूळ होय.

तें पाऊल जड व्हावें म्हणून खेळणाऱ्याचें बळ हेतुपुरस्सर कमी केलेलें असतें. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्यें (१९९६) बंदुकीच्या गोळ्या इतक्या मोजक्या मिळतात, कीं प्रत्येक गोळी झाडण्यापूर्वीं विचार करावा लागतो. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या संस्थेच्या ‘अॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’मध्यें (२०१०) तर शस्त्रच नाहीं. अंधारांत फार वेळ राहिलें तर नायकाची बुद्धि ढळूं लागते. उजेडांत आलें तर शत्रूच्या दृष्टीस पडण्याचा धोका. ‘ग्रॅनी’ (२०१७) या मोबाईलवरील खेळांत बंद घरांतून पांच दिवसांत सुटावयाचें असतें. हातांतली वस्तु खालीं पडली, कीं आवाजाच्या रोखानें म्हातारी आलीच!

कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल’मधील (१९९९) शहर धुक्यानें भरलेलें आहे. दूरचें दृश्य रेखाटण्याची त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राची शक्ति अपुरी होती. ती उणीव धुक्यानें झांकली, आणि धुकेंच भयाचें साधन ठरलें. नायकाजवळ एक रेडिओ आहे; राक्षस जवळ आला, कीं तो खरखरूं लागतो. डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, कानांना मात्र कळतें. न दिसणाऱ्या संकटाला रूप देण्याचें काम मग खेळणाऱ्याचें मन करतें, आणि प्रत्येक मन आपल्याला न सोसणारेंच रूप त्याला देतें.

असें असून माणसें हे खेळ हौसेनें कां खेळतात ? कारण यंत्र बंद करण्याची कळ त्यांच्या हातीं असते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, आणि संकट टळल्यावर सुटकेचा आनंद होतो. परंतु ज्या मुलाला ती कळ दाबण्याचें सुचत नाहीं, किंवा सोबती हंसतील या धास्तीनें दाबवत नाहीं, त्याला हें भय खऱ्या भयासारखेंच भोगावें लागतें. ‘रेझिडेंट ईव्हिल’ व ‘सायलेंट हिल’ हे खेळ अमेरिकेंत १७ वर्षें व त्यापुढील वयासाठींच योग्य ठरविले गेले, तें उगीच नव्हे.

वडील रात्रपाळीला गेले आहेत आणि मूल अंधारांत, कानांना हेडफोन लावून, असा खेळ खेळत बसलें आहे, असें दिसल्यास मोबाईल हिसकावून घेतल्यानें त्याचें भय जात नाहीं. तें उरलेली रात्र अंथरुणांत त्याच्या सोबतीला राहतें. दिवा लावावा, त्याच्या शेजारीं बसावें, आणि “त्या दाराआड काय असेल असें तुला वाटतें ?” असें विचारावें. मूल बोलूं लागलें, कीं धुकें विरळ होऊं लागतें.