हाताला काम, कानाला सबक



मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की आपल्याकडे बिस्मिल्लाखानी करायची रीत आहे. नवे कपडे, गळ्यात हार, घरातलं वडीलधारं माणूस पहिले शब्द म्हणवून घेतं, मिठाई वाटली जाते. आणि थोड्याच दिवसांत तेच मूल कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, पाहिला की पोट दुखतं म्हणून सांगतं! मधे घाई शिरलेली असते. शेजारची मुलगी कुरआनच्या दहाव्या पाऱ्यावर आणि आमचा अजून अम्मपाऱ्यातच, ही चढाओढ मोठ्यांची. धपाटे मात्र मुलांना. मक्तबातून दमून आलेल्या पोराला घरीही मक्तबच भेटावं, हे मला पटत नाही. उच्चार पक्के करणं हे उस्तादांचं काम. घराचं काम निराळं आहे.

ते दख्खनच्या बायकांना नेमकं ठाऊक होतं. विजापूरकडच्या सूफी परंपरेत चक्कीनामा नावाचा गाण्यांचा प्रकार आहे. जात्यावर दळताना म्हणायची ही दखनी गाणी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावातलं पहिलं अक्षर, अशी त्यांची शिकवण. सूत काततानाचा चरखानामा वेगळा, पाळण्याशी म्हणायचा लोरीनामा वेगळा. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या १९७८च्या ग्रंथात या गाण्यांना मोठं स्थान दिलं आहे. दीन सामान्य घरांत पोचला तो पोथीपेक्षा या गाण्यांतून, असं त्यांचं म्हणणं. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या मराठी बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जातं गेलं, गिरणी आली. पण हात कामात असताना कान उघडे राहतात, हे काही बदललेलं नाही.

नमाजाआधीच्या वजूचंच घ्या. प्रेषित, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, एका मुद्द पाण्यात वजू करत, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, पाऊण लिटरच्या आसपास. तेव्हा नळ बंद करावा, मुलाच्या हाती लहानसा तांब्या द्यावा आणि म्हणावं, बघू, एवढ्यात तुझं वजू होतं का? पहिल्या खेपेला चूळ भरण्यातच अर्धा तांब्या संपतो आणि पाय कोरडे राहतात. मग ते मूल आपणहून हिशेब मांडतं: तोंडाला इतकं, कोपरापर्यंत हातांना इतकं, डोक्याच्या मसहला नुसता ओला हात, उरलेलं पायांना. क्रम पाठ करवून घ्यावा लागत नाही. २०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला, त्यांना या तांब्याची किंमत सांगायची गरज नाही. जमल्यास मुलांना जालन्याच्या काळ्या मशिदीत न्यावं. १५७८ची ती मशीद जमशेदखानाने बांधली आणि शहराच्या पाण्यासाठी मोती तलावही त्यानेच बांधला. नमाजाची जागा आणि पाण्याची सोय एकाच माणसाने केली, हे मुलांच्या चटकन लक्षात येतं.

नमाज पढताना जानमाजवर पोर चढलं की आपण डोळे वटारतो. प्रेषित सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तेव्हा तो खाली उतरेपर्यंत त्यांनी सजदाच लांबवला, अशी रिवायत आहे. ही गोष्ट मुलांना सांगावीच. त्याआधी आपण आपल्याला सांगावी.

गोष्टींना तोटा नाही. हजरत सुलैमानांचं लष्कर येताना पाहून बाकीच्या मुंग्यांना बिळात शिरा म्हणून बजावणारी मुंगी, माशाच्या पोटातले हजरत युनुस, अबाबील पाखरांनी उधळलेले हत्तीवाले. मूल मराठी शाळेत जात असेल तर गोष्ट मराठीत सांगावी, उगाच अवघडू नये. कुरआनचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. गोष्ट सांगण्याआधी आईबापांनी ते एकदा चाळावेत, म्हणजे पदरची मीठमिरची कुठे लागली ते कळतं. कारण मुलं विचारतातच: मुंगी कोणत्या भाषेत बोलली? सुलैमानांना ती ऐकू कशी आली? अशा वेळी गप्प बस म्हणू नये. ते बोलणं सुलैमानांना समजलं आणि ते हसले, एवढं कुरआनात आहे. भाषा सांगितलेली नाही, असं सरळ सांगावं. आणि मग अंगणातली मुंग्यांची रांग दाखवावी.