पदवी आधी की कामाचा अनुभव आधी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. बारामतीत विद्यार्थ्यांची खानावळ चालविते, तेव्हा बोलावयाचे ते पोळपाटापाशीच. पण हा विषय नुकताच माझ्या माहेरी, इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या बाजूस, घरातच उभा राहिला. म्हणून चिटणीसबाईंचा आग्रह मोडवला नाही.

माझी भाची गेल्या वर्षी बारावी झाली. हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घ्यावयाची असे तिने मनात धरले. प्रवेशपरीक्षेची मुदत मात्र टळून गेली होती. दादा म्हणाला, "बरेच झाले. सोलापूर रस्त्यावर हॉटेले काय थोडी आहेत? उद्यापासून पगार सुरू होईल." वहिनी म्हणाली, "हॉटेलात राबायचे होते, तर पोरीला बारावीपर्यंत शिकविली कशाला?" आणि दोघांनी निवाडा माझ्याकडे पाठविला.

दादाचे अगदीच चुकीचे नव्हे. उजनीचा जलाशय झाल्यापासून भिगवणला मासळीची हॉटेले चालतात. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास लांबलांबची माणसे येतात आणि चिलापी खाऊन जातात. नुसत्या हाताच्या चवीवर उभी राहिलेली घरे मी पाहिली आहेत. शिवाय पदवीधरालाही आरंभी खालच्याच जागेवर उभे राहावे लागते. कांदा चिरणे कोणाला चुकत नाही.

पण माझे सांगते. काही वर्षांमागे एका वसतिगृहास भोजनगृहाची व्यवस्थापिका हवी होती. दोनशे ताटांना डाळ किती, तेल किती, हे मला झोपेतून उठविले तरी सांगता येईल. अर्जातील शिक्षणाच्या रकान्यापुढे मात्र लिहावयास काही नव्हते. ती जागा एका पदवीवाल्या मुलास मिळाली, आणि किराण्याचा हिशेब त्याला महिनाभर मीच दाखविला. मुलगा गुणी होता. त्याचा राग नाही. रकान्याचा अजून आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल, मुंबईची हॉटेल व्यवस्थापनाची संस्था, जी आज दादरला आहे, ती १९५४ साली स्त्रियांच्याच अखिल भारतीय अन्न परिषदेने, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने, काढली. रांधणे हे शास्त्र म्हणून शिकवावे, हे बायकांनीच ओळखले होते. अशा संस्थांतील पदवी तीन वर्षांची. तीत काही महिने हॉटेलात प्रत्यक्ष कामही करावे लागते. म्हणजे एक घेतले की दुसरे सुटले, असे नाही. प्रश्न उरतो तो पैशाचा, आणि पोरीला हे काम झेपते का याचा.

म्हणून मी म्हटले, वर्ष हाती आहेच, आठ आठवडे काम करून पाहू दे. भिगवणजवळ ओळखीच्यांचे हॉटेल होते. दिवेलागणीच्या आत घरी, ही वहिनीची अट. पहिल्या आठवड्यात पोरीचे पाय सुजले. भटारखाना तिला मानवला नाही. पण एका रविवारी गर्दी उसळली आणि दोन वाढपी आलेच नाहीत, तेव्हा कोणते टेबल आधी, कोणाचा हिशेब राहिला, हे तिने एकटीने सांभाळले. मालकाने तिला गल्ल्यापाशी बसविले.

परत आली तेव्हा मला म्हणाली, "आत्या, तिथल्या आचारीकाकांच्या हाताला तोड नाही. त्यांना स्वतःचे हॉटेल काढायचे आहे. पण परवान्याचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला, आणि तीनदा विचारले, बरोबर आहे ना?" एवढे बोलून ती गप्प बसली. मीही काही बोलले नाही.

कामाचा पगार तिने दादाच्या हाती ठेवला. फीचे कसे करावयाचे ते उसाचे बिल आल्यावर पाहू, असे तो अजून म्हणतो. पण गेल्या सोमवारी त्याच पैशांतून त्याने प्रवेशपरीक्षेची फी भरली, आणि उरलेले वहिनीपाशी दिले. पोरीला उभे राहावयास चांगल्या चपला घ्या म्हणून.