निरपराध अपघातग्रस्त आणि विमा कंपनी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि आपला कारंजा-मालेगावचा मुलूख वेगाच्या वाटेवर आला. पुढे 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, याच मार्गावर खासगी बस उलटून पेटली व 25 उतारू दगावले. त्यांचा अपराध तो कोणता? अशा निरपराधांनी, अथवा त्यांच्या वारसांनी, विमा कंपनीशी कसे वागावे, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

कंपनी देईल तो उपकार, अशी समजूत आपल्यात फार आढळते. वस्तुतः मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा गाडीमालकापेक्षा तिऱ्हाइताच्या रक्षणासाठीच आहे. भरपाई हा त्याचा हक्क होय.

अपघातस्थळी दोन-चार हजारांत ‘मिटवून टाकू’ म्हणणारे सज्जन हटकून भेटतात. त्यांना नमस्कार करावा आणि पोलीस ठाणे गाठावे. समोरच्या गाडीचा क्रमांक व विम्याचा तपशील कागदावर आला पाहिजे. रुग्णालयाची बिले जपून ठेवावीत.

कंपनीने 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, असे कायद्याचे 149 वे कलम सांगते. परंतु प्रस्ताव म्हणजे निकाल नव्हे. ‘पूर्ण व अंतिम भरपाई पावली’ अशा मजकुराखाली दुःखाच्या भरात सही करू नये. आधी तो वकिलास दाखवावा. प्रस्ताव नाकारला, तर न्यायाधिकरण रीतसर सुनावणी करते. विशेषतः घरातील स्त्री गेली असता ‘त्या काही कमवत नव्हत्या’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नये. जमशेदपूरच्या अग्निकांडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली गृहिणीच्या कामाचे मोल दरमहा 3,000 रुपये धरले, आणि 2010 साली मोटार अपघाताच्या दाव्यातही तिच्या श्रमांची किंमत मान्य केली. चूल, मुले आणि म्हातारी माणसे सांभाळणारीचे काम फुकटचे नाही, हे आपणांस न्यायालयाने सांगावे लागले!

अपघात पुण्यास घडला तरी वाशीमच्या रहिवाशास वाशीमला दावा लावता येतो. मात्र 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिच्याविरुद्ध न्यायालयांत वाद झाले, तरी त्या भरवशावर कोणी बसू नये.

गाडीच्या नुकसानीचे थोडक्यात सांगतो. आपल्याच विम्यातून दुरुस्ती केल्यास, दोष दुसऱ्याचा असूनही, पुढील हप्त्यातील ‘नो क्लेम बोनस’ची सूट जाते, किरकोळ पोच्यासाठी आधी हिशेब करावा.

आणि धडक देणारा पळूनच गेला तर? तरीही मृत्यूस 2 लाख व गंभीर दुखापतीस 50 हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या उपविभागीय अधिकारी वा तहसीलदारांकडे करावयाचा असतो.