आपला काय संबंध?



मी मूळची मिरजेकडची. आता अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात राहते. १३ ते १६ जून २०१२ या दिवसांत इथे ग्लास आर्ट सोसायटीची परिषद भरली. ठिकठिकाणचे काच-कलावंत येणार होते. मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. मशिदीत हे सांगितलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "खाला, त्यांच्या कार्यक्रमाशी आपला काय संबंध?" हा प्रश्न तुम्हालाही गावोगावी ऐकू येतो. म्हणून आज त्यावरच बोलते.

पहिला संबंध घरचा. माझे आजोबा मणियार. लग्नघरी बोलावणं आलं की ते नवरीला चुडा भरायला जायचे. मनगट कुणाचं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. काच फुटून हाताला लागू नये, एवढंच पाहिलं.

दुसरा संबंध वारशाचा. मामलूक काळात इजिप्त आणि सीरियातल्या कारागिरांनी मशिदींसाठी काचेचे रंगीत दिवे घडवले. त्यांतल्या अनेकांवर सूरह नूरमधली प्रकाशाची आयत लिहिलेली आहे. आज ते दिवे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. काचेची कला आपल्याला परकी कशी?

तिसरा संबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो शहराचा. १८८८ साली लिबी यांनी आपला काच कारखाना इथे आणला आणि टोलेडो काचेचं शहर झालं. १९६२ साली इथल्या कलासंग्रहालयाच्या आवारातल्या गॅरेजमध्ये हार्वे लिटलटन यांनी कार्यशाळा घेतली. कलावंताला स्वतःच्या छोट्या भट्टीवर काच फुंकता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. पहिला प्रयत्न फसला. तेव्हा काच उद्योगातले डॉमिनिक लबिनो यांनी वितळवायला काचेच्या गोट्या दिल्या. लिबी कारखान्यातले निवृत्त कारागीर हार्वे लीफग्रीन यांनी फुंकायचं कसं ते दाखवलं. २०१२ साली त्या घटनेला ५० वर्षं झाली, म्हणून परिषद इथे भरली. म्हणजे ही चळवळ उभी राहिली ती गावातली माणसं मदतीला आली म्हणून. आज या गावात आपणही राहतो. मग आपली पाळी नाही का?

आता अडचणी. १५ जूनला शुक्रवार होता. जुम्याच्या वेळेत माझ्या जागी दुसरं कुणी उभं राहणार होतं, शनिवारी मी त्यांची पाळी करणार होते. समारंभात दारू असेल तर त्या टेबलावर मी थांबत नाही. हे आधीच, शांतपणे सांगायचं. लोक समजून घेतात. आयत्या वेळी गायब झालात, तर मात्र पुढच्या वेळी कुणी बोलावणार नाही.

काम साधंच असतं. वाट दाखवायची, खुर्च्या लावायच्या, गर्दीला भट्टीपासून लांब ठेवायचं. काचशाळेतला पहिला धडा असा की तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते. म्हणून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुमच्या गावात काच परिषद नसेल. वाचनालयाचा कार्यक्रम असेल, रक्तदान शिबिर असेल, साहित्य संमेलन असेल. बोलावण्याची वाट पाहू नका. जाऊन नाव द्या, आणि दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. कुणी संबंध विचारला तर सांगा, हे गाव माझं आहे.