परक्या घरी रुजलेले जनुक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा सारांश)



या मंगल प्रसंगी आम्ही माकडांची कथा सांगणार, हे ऐकून काहींना हसू येईल. परंतु ही कथा रोगप्रतिकाराची आहे, आणि तिचा एक धागा उत्तरेकडील आपल्या गच्चीवर येणाऱ्या लाल तोंडाच्या माकडापर्यंत पोहोचतो.

जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याचा लेख. त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने निघते व तीतील अनावश्यक भाग गाळले जातात. क्वचित ‘लाइन-१’ नामक फिरत्या जनुकीय घटकाचे विकर या नकलेवरून पुन्हा डीएनए लिहिते आणि ते गुणसूत्रात भलत्याच ठिकाणी रोवते. यालाच रेट्रोट्रान्सपोझिशन म्हणतात. जनुकाला जागविणारा भाग या नकलेबरोबर येत नाही. म्हणून बहुतेक नकला मूकच राहतात.

दक्षिण अमेरिकेतील निशाचर घुबड-माकडात मात्र नवल घडले. सायक्लोफिलिन-ए या पेशीतील नित्याच्या प्रथिनाची नक्कल ‘ट्रिम-५’ या जनुकाच्या पोटात जाऊन पडली. ट्रिम-५चे प्रथिन हा विषाणूचे कवच ओळखणारा पहारेकरी, तर सायक्लोफिलिन हे एचआयव्ही-१च्या कवचाला चिकटणारे. दोहोंच्या जोडणीतून नवा ग्राहक जन्मला आणि तो विषाणू पेशीच्या उंबरठ्याशीच अडला. जेरेमी लुबान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे उघड केले.

२००८ साली आशियाई मकाक माकडांतही अशीच जोडणी आढळली. भारतीय वंशाच्या काही ऱ्हिसस माकडांतही ती आहे. येथे नक्कल जनुकाच्या शेवटाजवळ पडलेली आहे. जागा निराळी, अर्थात घटनाही स्वतंत्र! ऱ्हिससमधील हा ग्राहक एचआयव्ही-१ला नव्हे, एचआयव्ही-२ला रोखतो.

मानवाजवळ हे दोन्ही जनुक आहेत, पण विलग. आपले ट्रिम-५ एचआयव्ही-१पुढे दुबळे ठरते. २००९ साली संशोधकांनी मानवी घटकांचीच अशी जोडणी प्रयोगशाळेत केली, आणि तिने एचआयव्ही-१ला समर्थपणे रोखले. निसर्गाने दोनदा योगायोगाने साधलेले माणसाने हेतुपूर्वक करून पाहिले.

आलेली नक्कल यजमानाच्या आज्ञेने जागी झाली, स्वतःचा गुण मात्र तिने सोडला नाही. त्या गुणानेच घर राखले. दूरदेशी संसार थाटलेल्या आपणांस याहून अधिक काय सांगावे?