सूचनाफलक आणि मूळ यंत्र



संकेतस्थळावरील सूचना हा विषय एका कामगार कार्यकर्त्याने का निवडावा, असे आपणांस वाटले असेल. माझे शाळेतील शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे संघटनेच्या कचेरीत झाले. पण सूचनाफलक वाचण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. दारावरचा फलक कोणाच्या भाषेत आहे, यावर कामगाराची भाकरी अवलंबून असते. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात तर नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावावेत, असे स्पष्ट कलमच होते.

आता आमच्याच कचेरीची गोष्ट सांगतो. आमचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, आणि तीत फेरफार करण्याची मुभा सर्वांस आहे. भिवंडीच्या गोदामांतील व यंत्रमागांवरील आमच्या सभासदांची यादी त्या संकेतस्थळावर असे. मजकूर चढविण्याचे काम अंबाडीतली दोन-तीन मुले करीत. नवी आवृत्ती निघाली की त्यांच्या पडद्यावर इंग्रजी सूचना येई : नवी आवृत्ती उपलब्ध आहे, व्यवस्थापकास कळवा. हा व्यवस्थापक कोण, हे मुलांना ठाऊक नव्हते. ती बिचारी घाबरून पान बंद करीत.

एका उत्साही कार्यकर्त्याने मूळ फाईल उघडून तीतलेच शब्द मराठीत बदलले. आम्ही त्याची पाठ थोपटली. पुढच्या आवृत्तीबरोबर ते शब्द नाहीसे झाले. याचे कारण साधे आहे. नूतनीकरणाच्या वेळी ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ या कप्प्यांतील मूळ फाइलींच्या जागी नव्या फाइली येतात. आपला माल सुरक्षित राहतो तो ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये. त्याने पुन्हा शब्द बदलले, आणि ते पुसले जाऊ नयेत म्हणून नूतनीकरणच बंद करून टाकले!

श्रोतेहो, खरा धोका येथे आहे. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या आपणहून बसवते. चार मराठी शब्द वाचविण्यासाठी आम्ही ते दारच लावून घेतले होते. कोणी आत शिरले नाही, हे नशीब. पण त्या यादीतील नावे एखाद्या मुकादमाच्या हाती पडली असती, तर किती जणांना दुसऱ्या दिवशी कामावरून परत पाठविले असते? हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही ती यादी तेथून आधी काढली. दोष त्या मुलाचा नव्हे. योग्य वाट आम्ही त्याला दाखविलीच नव्हती.

ती वाट कोणती? आमच्या मागवाल्यांना विचारा. नक्षी बदलायची तर जॅकार्डचे पत्ते बदलतात; मागाचा सांगाडा कोणी कापीत नाही. वर्डप्रेसच्या कर्त्यांनीही ठिकठिकाणी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. त्यांस हूक म्हणतात. व्यवस्थापनाचे पान तयार होताना ‘ॲडमिन नोटिसेस’ ही खुंटी येते, आणि तिच्यावर ज्याने जे काम टांगले असेल ते तेथे पार पडते. ती इंग्रजी सूचनाही ‘अपडेट नॅग’ या नावाने, ३ या क्रमांकावर, तेथेच टांगलेली आहे.

म्हणून आम्ही ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये ‘एमयू-प्लगइन्स’ नावाचा कप्पा करून त्यात एक लहानशी फाईल ठेवली. या कप्प्यातील फाईल आपोआप चालू होते. पडद्यावरून चुकून बंद करता येत नाही. ‘ॲडमिन इनिट’ या टप्प्यावर ती जुनी सूचना ‘रिमूव्ह ॲक्शन’ने खाली उतरवते. येथे क्रमांक ३ च सांगावा लागतो. तो चुकला तर सूचना जागची हलत नाही. मग ‘ॲड ॲक्शन’ने आमची सूचना चढते : ‘नवी आवृत्ती आली आहे. घाबरू नका. कचेरीत फोन करा.’ नवी आवृत्ती खरोखर आली असेल तेव्हाच ती दिसते. नूतनीकरण आम्ही पुन्हा सुरू केले. त्यानंतर आवृत्त्या आल्या आणि गेल्या, आमचे शब्द जागच्या जागी आहेत.

केवळ भाषेचीच अडचण असेल, तर एवढाही खटाटोप नको. २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येकाला आपल्या माहितीच्या पानावर स्वतःची भाषा निवडता येते, आणि तीत मराठी आहे.

मात्र एक पथ्य पाळा. कटकट नको म्हणून त्या खुंटीवरचे सगळेच काढून टाकणारे लोक आहेत. तसे केल्यास लाल रंगातील धोक्याची सूचनाही जाते. समजत नाही म्हणून फलक फाडणे हा काही उपाय नव्हे. तो समजेल अशा भाषेत लिहून घेणे, हा उपाय. आमच्या चळवळीने कारखान्याच्या दारावर हेच मागितले. पडद्यावर तर ते कोणाकडे मागावेही लागत नाही. खुंटी ठोकलेली आहे. आपण टांगायचे आहे.