मज्जेचा वैरी घरातलाच



ही परिषद अस्थिमज्जेच्या विकारांची असली, तरी बरीचशी चर्चा रोगप्रतिकारक यंत्रणेभोवतीच फिरेल. पाउल एर्लिख यांनी 1888 मध्ये अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे पहिले वर्णन केले ते एका तरुण गर्भवतीच्या मृत्यूनंतर. तिच्या मज्जेत रक्त घडवणाऱ्या पेशींच्या जागी चरबी होती. पुढे दोष औषधांवर, किरणोत्सारावर गेला. मेरी क्युरी 1934 मध्ये याच आजाराने गेल्या, तेव्हा तो संशय अगदीच पोकळ नव्हता.

बहुतेक रुग्णांतला खरा आरोपी मात्र योगायोगाने सापडला.

फ्रान्सच्या जॉर्ज माते यांनी दात्याची मज्जा देण्याआधी रुग्णांच्या लिंफोसाइट पेशी दडपणारे सीरम दिले. हा अनुभव त्यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केला. दात्याची मज्जा टिकली नाही, पण काहींची स्वतःचीच मज्जा पुन्हा रक्त बनवू लागली! मूळपेशी संपल्या नव्हत्या; शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे लिंफोसाइटचाच एक प्रकार, त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या.

त्याच विचारातून एटीजी (टी-पेशी दडपणारे सीरम) आणि सायक्लोस्पोरिन हे उपचार रूढ झाले. एटीजी घोड्यापासून मिळते, सशापासूनही. सशाचे अधिक जालीम, म्हणून तेच सरस ठरेल, असा होरा होता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) चाचणीने 2011 मध्ये तो खोटा पाडला : सहा महिन्यांत घोड्याच्या एटीजीला 68 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, सशाच्या एटीजीला 37 टक्के. मुंबईतल्या ज्या परळात हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तद्रवापासून सर्पविषावर उतारा बनवला, तिथे या निकालाचे कौतुक जरा जास्तच व्हावे.

तरुण रुग्णाला भावंडाची जुळणारी मज्जा मिळाली, तर प्रत्यारोपणाला पहिली पसंती. याच परळात, टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. पण इथेही प्रतिकारयंत्रणा आडवी येते. प्रत्यारोपणाआधी घरच्यांचेच रक्त चढवले, तर शरीर त्या पेशींविरुद्ध आधीच सावध होते आणि पुढे त्यांची मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. सख्ख्या भावाने धावत येऊन दिलेली बाटली अशी नडते.

म्हणून प्रतिनिधींना एकच विनंती. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम घसरल्या, तर लोहाच्या गोळ्यांवर महिने घालवू नका, मज्जा तपासा आणि घरच्यांचे रक्त टाळा. एवढे सांगणारे पानभर मराठी टिपण तालुक्याच्या डॉक्टरांसाठी याच परिषदेत तयार करा.